रुमाल टाकून धरलेली जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. जुनी भरली, तशीच डिस्कही भरलीय. सत्त्याण्णव टक्के. दर तासाला माझा फोन किंचाळतो. आज सकाळी खाताना दोनदा किंचाळला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, त्याला पण भूक लागली असेल." नवऱ्याला हसू आवरेना. मला अजिबात हसू आलं नाही.

नव्या वहीला एकदा ओळख करून देते. मी आवाजपेढीत सर्व्हर सांभाळते. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आमच्या चार खोल्या आहेत. ज्यांचा आवाज शस्त्रक्रियेनंतर जाणार आहे ती माणसं आधी येऊन आमच्याकडे बोलून जातात, पाच बैठका. मग त्यातून यंत्राचा आवाज घडवतात. माणूस टाइप करतो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. माझी खोली म्हणजे पूर्वी चादरी ठेवायची जागा. अजून फिनेलचा वास येतो. मला सगळे सर्व्हरबाई म्हणतात, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला कानसेन. अठ्ठावन्न वर्षांचा आहे. डोक्याला हेडफोन लावल्याशिवाय मी त्याला क्वचितच पाहिलंय.

नवी डिस्क मागून तीन महिने झाले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. त्यात आमच्या प्रमुख मॅडमना पेढीच्या वर्धापनाची फिल्म करायचीय. फिल्मवाले शुक्रवारी येऊन ढीगभर चित्रण ओतणार. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी जादू करा, सर्व्हरबाई." जादू करायला मी काय टोपी घालून बसलेय का?

४ फेब्रुवारी

जादू सापडली.

झालंय काय, कानसेनचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम कुठल्याही माणसाची फाइल उघडली की पाचही बैठकांची जागा आधीच धरून ठेवतो. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस अजून यायचाय, पण जागा त्याची. फाइल पहिल्याच दिवशी पूर्ण आकाराची दिसते, आत मात्र नुसती शून्यं. डिस्कचा तिसरा हिस्सा तरी अशा रुमालांनी अडवलाय.

कानसेनला विचारलं. अगदीच न विचारता केलं असं कुणी म्हणायला नको. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, "नको गं. त्या जागेला हात लावू नकोस. माणूस मन लावून बोलत असतो, मध्येच जागा संपली तर त्याला परत बोल म्हणून कसं सांगायचं?"

म्हटलं, जागा संपणारच नाही, मी आहे ना बघायला. तर म्हणाला, "तू आहेस म्हणून तर सांगतोय."

जुनी माणसं. यांना सगळं आधीच बांधून ठेवायला हवं. दुपारी मी एक आज्ञा दिली. ती प्रत्येक फाइलमध्ये शिरते, शून्यं शोधते आणि तिथली जागा मोकळी करते. गंमत म्हणजे फाइलचा आकार तेवढाच दिसतो, कानसेनला पत्ताही लागणार नाही. चार मिनिटांत सत्त्याण्णवची एकसष्ट झाली. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. बारीक टाळ्या, पण वाजवल्या.

आणि तो फोन. त्याचा इशारा बंद करून टाकला. घरी शांतता.

११ फेब्रुवारी

एक जोडपं आलंय. नवरा फुलांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, अडतीस वर्षं. सगळे त्याला लिलाववाले म्हणतात, मी काका म्हणते. घशात गाठ. सतराला शस्त्रक्रिया, स्वरयंत्र पूर्ण काढणार. दोन बैठका दोन आणि तीन तारखेला झाल्या होत्या, त्यात आकडे, वार, महिने, सुटे शब्द. उरलेल्या तीन काल, आज आणि उद्या एकापाठोपाठ एक उरकायच्यात. त्या खऱ्या बैठका. वाक्यं, प्रश्न, हसणं, घरातलं बोलणं.

मी कानसेनच्या खोलीतली वायर बदलायला गेले, तेव्हा काकू काचेच्या आत काकांच्या समोर बसल्या होत्या. म्हणजे काका बोलतात आणि त्या ऐकतात. कानसेनचीच युक्ती. समोर माणूस असला की माणूस माणसासारखं बोलतो, म्हणतो.

विश्रांतीत काका बाहेर आले. घोगरा झालाय आवाज, पण खणखणीत. मला म्हणाले, "तुम्हीच ना यंत्रवाल्या? नीट ठेवा बरं का. हिला वाचता येत नाही."

मला कळलंच नाही. म्हणाले, "मी फळ्यावर लिहीन, मोबाइलवर लिहीन, कशावरही लिहीन. पण हिला वाचता कुठं येतं? शाळा बघितली नाही तिनं. मी घरात आलो आणि काही बोललोच नाही, तर ही काय करणार?"

काकू म्हणाल्या, "थोडी शांतता मिळेल." दोघं हसले. मग काका जरा जास्तच वेळ खोकत राहिले.

मी म्हटलं, काळजी करू नका, दोन ठिकाणी जपून ठेवतो आम्ही. मला बरंही वाटलं. कधी कधी या चादरीच्या खोलीत बसून आपण नक्की कुणाचं भलं करतो ते दिसत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहज बघितलं तर डिस्क शंभर टक्के. अक्षरशः काठोकाठ. फिल्मवाल्यांनी मंगळवारी सकाळीच आणखी दुप्पट चित्रण आणून ओतलं होतं, विचारायची पद्धत नाही. मी निमूटपणे ते सगळं दुसऱ्या जुन्या डिस्कवर हलवलं. अकरापर्यंत अठ्ठ्याहत्तर. कुणाला कळलंही नाही. इशारा बंद होता म्हणून चार दिवस मला पत्ता नव्हता, तो परत चालू केला.

लिलाववाल्यांच्या बैठका काल संपल्या. आकार जुळला, प्रतीचा आकारही जुळला, माझ्या यादीत हिरवी खूण. कानसेन म्हणाला, काका फार थकले होते, म्हणून तिन्ही दिवस परत वाजवून बघितलं नाही, लवकर घरी सोडलं. "पण हेडफोनमध्ये काय सुंदर येत होतं," म्हणाला. "शेवटी शेवटी ते बाईंना कसलीशी जुनी गंमत सांगत होते. मी कान बंद करून घेतले."

हेडफोन लावून कान बंद कसे करतात, मी विचारलं. म्हणाला, "जमतं."

१७ फेब्रुवारी

काकांची शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. छान झालं.

२ मार्च, सोमवार



आवाज घडवणारी मुलगी सकाळी माझ्या दारात आली. म्हणाली, लिलाववाल्यांची फाइल उघडली, दोन बैठका आहेत, पुढे काही नाही. मी म्हटलं, काही नाही म्हणजे? आकार तर पूर्ण आहे. म्हणाली, आकार आहे, आवाज नाही. सव्वाचार तास शांतता.

दुसरी प्रत उघडली. तीही तशीच. तसं होणारच, शून्यांची प्रत शून्यंच.

मला तिथल्या तिथे कळलं. मुलगी बोलत होती आणि मला आतल्या आत एकेक पायरी दिसत गेली. जागा धरलेली होती. ती मी सोडवली. सोडवलेल्या जागेवर फिल्म येऊन बसली. दहा तारखेला काका बोलायला लागले तेव्हा प्रोग्राम लिहायला गेला आणि डिस्कने सांगितलं, जागा नाही. प्रोग्रामला 'जागा नाही' हे उत्तर माहीतच नव्हतं, कारण जागा धरलीय या भरवशावरच तो बनवलाय. म्हणून त्याने ते ऐकूनच घेतलं नाही. हेडफोनमध्ये आवाज थेट माइकमधून येतो, डिस्कवरून नाही. पडद्यावरची हिरवी रेघ नाचत राहिली. काका तीन दिवस बोलत राहिले, आणि ते कुठेच जात नव्हतं.

मुलीला म्हटलं, बघते. फक्त एवढंच म्हटलं.

आता काका परत बोलू शकत नाहीत.

३ मार्च

एखादा तुकडा सापडतो का म्हणून दिवसभर डिस्क उकरली. काही नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते सापडणार कुठून?

नोंदवही बघितली. सर्व्हर प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतो, कुणी दिली, कधी दिली. ४ फेब्रुवारी, दुपारी २ वाजून ११ मिनिटं. माझं नाव. मी ती ओळ दहा वेळा वाचली. घरी येऊन भाजी चिरताना बोट कापलं, नवरा म्हणाला लक्ष कुठंय. म्हटलं, डोकं दुखतंय.

५ मार्च

बैठक. मॅडम, मी, कानसेन, आवाज घडवणारी.

मॅडमनी पहिला प्रश्न मलाच विचारला. "डिस्कमध्ये बिघाड होता का?"

मी म्हणाले, "डिस्कमध्ये बिघाड नव्हता आणि नाही."

हे खरं आहे. एकही अक्षर खोटं नाही. मी घरी येताना बसमध्ये ते वाक्य सगळ्या बाजूंनी तपासलं.

मग मॅडम कानसेनकडे वळल्या. नियम काय आहे? बैठक झाली की डिस्कवरून परत वाजवून बघायचं. बघितलं का? कानसेन म्हणाला, "नाही. बघायला हवं होतं. ते थकले होते, पण मी बघायला हवं होतं." पुढे काही म्हणालाच नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी नेहमीसारखं. मी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

खापर फुटायला एक डोकं लागतं आणि ते समोर स्वतःहून वाकून बसलं होतं. मॅडमनी त्याला रेकॉर्डिंगवरून काढलं. निवृत्तीला आठ महिने आहेत, तोवर मागच्या खोलीत जुन्या टेपांना चिठ्ठ्या लावायच्या.

पण त्याचीही चूक आहेच ना? त्याने वाजवून बघितलं असतं तर दहा तारखेलाच कळलं असतं, सतराच्या आत काहीतरी करता आलं असतं. हे मी आज बरंच म्हणून बघितलं. पूर्ण चुकीचं नाही.

९ मार्च

काकूंना फोन करून सांगायचं काम मुलीवर टाकलं. तांत्रिक अडचण झाली, आहे त्यात करतो, असं. काकू म्हणाल्या म्हणे, "तुम्ही कराल ते चांगलंच कराल." मुलगी रडली. मी तिला पाणी दिलं.

घरी नवरा म्हणाला, "तू हल्ली बोलत का नाहीस?" म्हटलं, बोलते की. म्हणाला, "नाही. तू उत्तरं देतेस." उगाच काहीतरी. त्याला पण आत्ताच लक्ष द्यायचं सुचलं.

१२ मार्च

कानसेन आज माझ्या खोलीत आला. हेडफोनशिवाय त्याचे कान फार मोठे दिसतात. इकडचं तिकडचं बोलला. मग विचारलं, "तुझ्या सर्व्हरच्या त्या नोंदी असतात ना, कुणी काय केलं त्याच्या. त्या किती दिवस राहतात?"

"सहा आठवडे," मी म्हटलं.

"मग?"

"आपोआप पुसल्या जातात."

"बरं," म्हणाला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. बोटाने काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "अजून आहेत थोडे दिवस," आणि गेला. बिचारा, मागच्या खोलीत त्याचे दिवस जात नसणार.

४ फेब्रुवारीला सहा आठवडे १८ मार्चला होतात. मी पण मोजले.

१८ मार्च

मी काहीही पुसलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी फक्त काही केलं नाही.

दुपारी बघितलं, ओळ गेली होती.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं हलकं. दुपारी कानसेन दारावरून दोनदा गेला. आत आला नाही. संध्याकाळी निघताना जिन्यात भेटला, म्हटलं, कसे आहात? म्हणाला, "ठीक आहे गं," आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी न थांबता पुढे गेला. अकरा वर्षं आम्ही फाटकापर्यंत बरोबर जातो.

१ एप्रिल

आज काका-काकू यंत्र घ्यायला आले.

काकांच्या गळ्याला भोक आहे, वर जाळीचा रुमाल. बारीक झालेत. मला बघून हात वर केला. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मुलीने जिवाचं रान केलं होतं, खोटं कशाला म्हणू. दोन बैठकांतून जे निघेल ते तिने काढलं. काकांनी टाइप केलं, यंत्र बोललं. आवाज त्यांचाच. पण प्रत्येक वाक्य वर चढत जाणारं आणि शेवटी तोडून टाकलेलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आकडे, वार, महिने, त्या दोन बैठकांत दुसरं होतंच काय?

यंत्र म्हणालं, "मी आता बरा आहे. तू काळजी करू नको."

काकू ऐकत होत्या. डोळे मिटून. मग म्हणाल्या, "हे बाजारात बोलायचे तसं आहे."

मुलगी म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे ना, काकू?"

"त्यांचाच आहे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा लांबून ऐकू यायचा. घरात असे नाही बोलायचे." आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "बंद करा ते. मला वाटतंय तुम्ही मला विकताय."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. हसण्याचा आवाज येत नाही आता, नुसती हवा. यंत्र पिशवीत ठेवलं. काकूंनी सगळ्यांचे आभार मानले, माझेही. माझा हात हातात घेतला. हार ओवून ओवून त्यांच्या पंजावर अजून फुलांच्या देठांचे डाग आहेत.

मी स्वच्छतागृहात जाऊन अर्धा तास बसले. लिहायलाही लाज वाटते. माणसाचा घरातला आवाज मी एका फिल्मसाठी दिला. ती फिल्म कुणी पूर्ण बघितलीसुद्धा नाही.

८ एप्रिल

सात दिवस जेवण गोड लागेना. आज नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल, समजूत घालेल, काहीतरी करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मला सांगून काय होणार?" आणि कपड्यांच्या घड्या घालत बसला. राग आला त्याचा. मग राहिला नाही.

९ एप्रिल

पहिल्यांदा कानसेनकडे गेले. मागच्या खोलीत खाली बसून टेपांना चिठ्ठ्या लावत होता. उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणती आज्ञा, कधी, फिल्म, इशारा, बैठकीतलं माझं ते तपासलेलं वाक्य, १८ मार्च. तो चिठ्ठी लावत राहिला. संपल्यावर म्हणाला, "मला वाटलं होतं तू मार्चमध्ये येशील."

मला आधी अर्थच लागला नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"तूच तर विचारायला आली होतीस, हात लावू का म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"मी वाजवून बघितलं नाही, हे खरंच होतं," म्हणाला. "माझं होतं तेवढं मी बोललो. तुझं तू बोलायचं." मग पुढची टेप उचलून, "त्या बाईंना सांगितलंस का?"

"नाही."

"मग इथे काय करतेयस?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१० एप्रिल

मॅडमना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि दार लावलं. "कशाला आता? प्रकरण मिटलंय. त्यांनी तक्रारसुद्धा केलेली नाही." मी म्हटलं, त्यांना तक्रार करण्यासारखं काय आहे हेच माहीत नाही. आणि कानसेनवरचा ठपका? म्हणाल्या, बघू. म्हटलं, बघू नका, काढा, नाहीतर हाच कागद मी वर पाठवते. मी असं त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मग म्हणाल्या, रुग्णाच्या घरी जाऊ नकोस, संस्थेच्या अंगाशी येईल. म्हटलं, मी सुट्टी टाकून जातेय.

सोमवारपासून कानसेन परत काचेच्या मागे. माझ्यावर चौकशी बसेल. बसू दे.

आणि एक केलं. आता जागा धरलेली फाइल कुणालाही मोकळी करता येत नाही, मलासुद्धा. बैठक झाली की प्रोग्राम डिस्कवरून स्वतः वाजवून ऐकवतो, ऐकल्याशिवाय हिरवी खूणच येत नाही. करायला दीड दिवस लागला. दीड दिवसाचं काम होतं.

१८ एप्रिल, शनिवार

आज गेले.

दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीत कुंड्या. काकूंनी दार उघडलं आणि त्यांना खरंच आनंद झाला, तेच नको होतं. काका खुर्चीत, मांडीवर पांढरा फळा आणि काळं पेन. खडू नाही चालत, धूळ गळ्यातून थेट आत जाते. यंत्राची पिशवी कपाटावर होती. काकू म्हणाल्या, "हे दिवसभर लिहून ठेवतात. संध्याकाळी शेजारची पोस्टातली बाई येऊन मला वाचून दाखवते. सकाळी काय म्हणायचं होतं ते मला संध्याकाळी कळतं."

चहा ठेवते म्हणाल्या, मी म्हटलं, आधी ऐका. उभ्यानेच सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायचं ठरवून गेले होते. तुमच्या आवाजासाठी जागा धरून ठेवली होती. ती मी काढून दुसऱ्याला दिली. मला आधी सांगितलं होतं, नको म्हणून, तरी दिली. तुम्ही तीन दिवस बोललात ते कुठेच उतरलं नाही. आणि मग मी ते रेकॉर्डिंग करणाऱ्यावर जाऊ दिलं, त्याला काढलं तरी. तांत्रिक अडचण वगैरे काही नव्हतं, मीच होते.

काकांनी पेनचं टोपण काढलं. बराच वेळ लिहिलं, लिहिताना पेन करकरत होतं. मग फळा काकूंकडे न देता माझ्यापुढे धरला.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

घरात तिसरं कुणी नव्हतं. मी काहीही वाचू शकले असते. 'जाऊ द्या, झालं ते झालं,' असं वाचलं असतं तर काकूंना कधी कळलं नसतं, आणि काकांना ते बोलून दाखवता आलं नसतं. हे मनात आलं. आलं म्हणून लिहितेय.

मी वाचलं, "हिला विचार, त्या कानवाल्याला काढलं तेव्हा ही कुठे होती."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कुठे होतात?"

"तिथेच. समोर बसले होते."

काकांनी बाहीने फळा पुसला. परत लिहिलं. मी वाचलं, "मी सव्वाचार तास बोललो. घसा फाटत होता, तरी बोललो. डॉक्टरांनी कमी बोला सांगितलं होतं."

परत पुसला. परत लिहिलं. शेवटची ओळ इतकी दाबून लिहिली की पेनाचं टोक आत गेलं. मी वाचलं, "हिला जायला सांग. परत माझ्या दारात दिसायला नको."

प्रत्येक शब्द वाचला. मग पर्स उचलली आणि दाराकडे वळले. माफी मागायची राहिली होती. ती मागायची लायकी आहे असं वाटलं नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्यांचं अजून व्हायचंय."

काका खरंच लिहीत होते. या वेळी माझ्याकडे बघत नव्हते. दोनच शब्द लिहिले आणि काकूंच्या समोर धरले, मग आठवलं असावं, हळूच माझ्याकडे वळवले.

मी वाचलं, "जेवलीस का?"

काकूंनी मान हलवली. "असं नाही. ते विचारताना आधी जरा थांबतात. परत वाचा."

मी थांबले. परत वाचलं.

"शेवट असा वर नेत नाहीत. खाली ठेवतात. त्यांना उत्तर माहीत असतं ना."

तिसऱ्यांदा वाचलं. काकूंनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काकांना म्हणाल्या, "नाही अजून. तुमच्यासाठीच थांबलेय."

काकांनी फळा परत मागितला. मी दिला, आणि समोरच्या स्टुलावर बसले.